प्रिया तेंडुलकर : एक भूमिका आणि अनेक वाटा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक आपल्या चिटणीसांनी मला दिली, तेव्हा एखादे संतचरित्र, इतिहासातील एखादा प्रसंग किंवा शिक्षणाचा प्रश्न यांपैकी काहीतरी मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना कळविले ते एका अभिनेत्रीचे नाव, आणि अभिनेत्री तरी कोणती, तर दूरचित्रवाणीवरची. नटीचे चरित्र ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून सांगावे की नाही, यावर एके काळी वाद झाला असता. आज तो होणार नाही, हे मी आपल्या समाजाच्या प्रगतीचे लक्षण मानतो. तथापि केवळ करमणूक करावी म्हणून हा विषय मी घेतलेला नाही. प्रिया तेंडुलकर यांच्या आयुष्याकडे पाहताना आपल्या घरातील मुलींविषयी आणि आपल्या स्वतःच्या नागरिकपणाविषयी दोन गोष्टी मला दिसल्या. त्या आपल्यापुढे मांडाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. या बाई कोणत्या ज्ञातीच्या, आपल्या की परक्या, असा प्रश्न कोणाच्या मनात डोकावत असेल तर त्याने तो क्षणभर बाजूस ठेवावा. रविवारच्या सकाळी जी स्त्री साऱ्या देशाच्या घराघरांत हक्काने प्रवेश करीत होती, तिला एका ज्ञातीच्या वहीत नोंदवून घेण्यात तिचाही गौरव नाही आणि आपलाही नाही.

प्रियाताईंचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. नाटककार विजय तेंडुलकर यांची ही कन्या. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक रंगभूमीवर आले १९६७ मध्ये. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही दोन्ही आली १९७२ मध्ये. पहिल्याने मान्यता मिळवून दिली, तर पुढील दोहोंनी वादळे उठविली. 'सखाराम'ला परिनिरीक्षण मंडळाशी झगडावे लागले. 'घाशीराम'मध्ये नाना फडणविसांची आणि एका संपूर्ण ज्ञातीची बदनामी आहे असे मानणाऱ्यांनी त्या नाटकाला कडवा विरोध केला. म्हणजे मुलीचे वय बारा-तेरा ते अठरा असताना, या घराला लोकांच्या स्तुतीची आणि लोकांच्या संतापाची सारखीच ओळख झाली होती. शब्द उच्चारला की त्याचे परिणाम सोसावे लागतात, हा धडा अशा घरात पुस्तकातून शिकावा लागत नाही.

रंगभूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले ते कोवळ्या वयात, आणि ते एका बाहुलीच्या भूमिकेत. गिरीश कर्नाड यांच्या 'हयवदन' या नाटकात जत्रेतून विकत आणलेल्या दोन बाहुल्या आहेत. लहान मुलाचे खेळणे म्हणून त्या घरात येतात. पण घरातील माणसे जे बोलत नाहीत ते या बाहुल्यांना दिसते, आणि त्या ते बोलूनही दाखवितात. नवऱ्याचे हात कसे बदलत चालले आहेत, पत्नीच्या स्वप्नात कोण येते, हे सारे त्यांना कळते. ही बाहुली आपण ध्यानात ठेवावी. तिचा उल्लेख मला पुन्हा करावा लागणार आहे.

यानंतरचा त्यांचा प्रवास एखाद्या काळजीवाहू पित्याला चिंतेत टाकील असाच होता. त्यांनी चित्रकला केली. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली. हवाईसुंदरी म्हणून विमानातून फिरल्या. जाहिरातींसाठी मॉडेल म्हणून उभ्या राहिल्या. वृत्तनिवेदिका म्हणून बातम्या वाचल्या. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळाचा छापील अर्ज भरताना 'नोकरी कायम आहे काय' या रकान्यापाशी वडीलधाऱ्यांची बोटे थबकतात. पाच वाटा चालून पाहणाऱ्या मुलीच्या बाबतीत त्या रकान्यात काय लिहावे? बहुतेक घरांत एकच शब्द सुचतो, आणि तो म्हणजे 'चंचल'.

परंतु क्षणभर विचार करा. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या राहणाऱ्या मुलीचे काम काय असते? दिवसभर लोकांच्या तक्रारी हसतमुखाने ऐकून घेणे. हवाईसुंदरीचे काम यापेक्षा फारसे वेगळे नाही. पाहुण्याचा आवाज चढला तरी आपला चढू द्यायचा नाही, हे त्या नोकरीचे पहिले व्रत. वृत्तनिवेदिकेला आणखी एक गोष्ट साधावी लागते. समोर कोणीही दिसत नसताना, जणू एकाच माणसाशी बोलत आहोत अशा विश्वासाने लक्षावधी लोकांशी बोलणे. पुढे याच स्त्रीने खिडकीच्या अलीकडे येऊन, ग्राहकाच्या बाजूने तक्रार मांडणारी गृहिणी साकारली, तेव्हा तिच्या बोलण्यात जी सहजता होती ती एका दिवसात आलेली नसावी. खिडकीच्या पलीकडील माणूस टाळाटाळ कशी करतो, हे तेथे उभे राहून काम केलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? वाया गेलेली म्हणून आपण जी वर्षे मोजतो, त्यांचा हिशेब पुष्कळदा असा उशिरा लागतो.

चित्रपटात त्या प्रथम ठळकपणे दिसल्या १९७४ मध्ये, श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये. बेनेगल यांचा हा पहिलाच कथापट. जमीनदाराच्या मुलाची, म्हणजे अनंत नाग यांची, बालपणी लग्न झालेली पत्नी सरू ही भूमिका प्रियाताईंनी केली. चित्रपटाचा भार शबाना आझमी यांच्या लक्ष्मीवर आहे. सरू येते ती मध्येच, सासरी नांदायला. परंतु ती घरात पाऊल टाकते आणि काहीही न विचारता सारे ओळखते. पुढे मराठी चित्रपटांत त्या नायिका म्हणून रुळल्या. 'गोंधळात गोंधळ', 'मुंबईचा फौजदार' यांसारखे चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. शंकर नाग यांच्या 'मिंचिन ओट' या १९८० मधील कन्नड चित्रपटातही त्यांनी काम केले. तरीही, खरे सांगायचे तर, या सर्वांवर एखाद्या नटीचे नाव घरोघरी पोहोचते असे नव्हते. ते घडले १९८५ मध्ये.

त्या काळातील दूरदर्शनची थोडी आठवण तरुण मंडळींसाठी करून देतो. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले १९८२ मध्ये. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि रोजचे साधे मध्यमवर्गीय जीवन पडद्यावर पाहण्याची गोडी देशाला लागली. वाहिनी एकच असल्यामुळे देश एकाच वेळी एकच गोष्ट पाहत असे. अशा वेळी बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली 'रजनी' आली.

रजनी कोण होती? ती पोलिस अधिकारी नव्हती, वकील नव्हती, पुढारी नव्हती. साडी नेसणारी, भाजी आणणारी, नवऱ्याचा डबा भरणारी अशी ती एक गृहिणी होती. तिच्याजवळ एकच शस्त्र होते. समोरच्याने 'चालायचेच' असे म्हटले की ती 'का चालायचे?' असे विचारी. ते दिवस टंचाईचे होते. गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. दूरध्वनीचीही तीच अवस्था होती. वस्तू देणारा हा दाता आणि पैसे मोजणारा हा याचक, अशी उलटी रीत समाजाच्या अंगवळणी पडली होती. त्या रीतीला एका साध्या स्त्रीने भर सकाळी प्रश्न विचारला. टॅक्सीचालकांच्या वर्तनावरील भाग प्रक्षेपित झाला तेव्हा मुंबईचे टॅक्सीचालक इतके संतापले की त्यांनी दूरदर्शनविरुद्ध निदर्शने केली. एका करमणुकीच्या मालिकेचा एवढा राग यावा, याचाच अर्थ ती नुसती करमणूक राहिली नव्हती.

येथे मला न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. टॅक्सी चालविणाऱ्याचीही एक बाजू असते. रात्रंदिवस दुसऱ्याची गाडी हाकून पोट भरणाऱ्या माणसाला, सुखवस्तू घरांतून आपल्याकडे बोट दाखविले जात आहे असे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. मध्यमवर्गाचा संताप बहुधा समोरच्या खिडकीपाशी थांबतो. खिडकीच्या मागे, वरच्या मजल्यावर जो बसलेला असतो त्याच्यापर्यंत तो क्वचितच चढतो. रजनीची ही मर्यादा होती आणि ती तिच्या प्रेक्षकांचीही मर्यादा होती.

रजनी आकाशातून पडली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले होते. कुटुंबांचे गट करून शुद्ध माल रास्त दरात आणावा, असा उपक्रम हजारो गृहिणींनी चालविला होता. या अनाम स्त्रियांनी जे केले होते, त्याला प्रियाताईंनी चेहरा दिला. आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मालिकेमुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या कायद्याची भाषा ज्या समाजाला कळावी लागते, तो समाज तयार करण्यात तिचा वाटा होता, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आता माझ्या विषयाचा गाभा मांडतो. लोकांनी रजनीवर अपार प्रेम केले. पण ते प्रेम फार सोयीचे होते. रजनी अर्ध्या तासात जिंकत असे. आपण पलंगावर बसून टाळ्या वाजवीत असू, आणि सोमवारी सकाळी त्याच दुकानदाराकडून कमी वजनाची साखर मुकाट्याने घेऊन येत असू. कोठे काही बिघडले की 'इथे एखादी रजनी पाहिजे' हे वाक्य आपल्या बोलण्यात आले. त्या वाक्यात कौतुक आहे, आणि पळवाटही आहे. रजनी पाहिजे म्हणजे मी नको. ती भांडेल आणि मी पाहीन. जे काम सर्वांनी मिळून करावयाचे ते एका नटीच्या खांद्यावर ठेवून समाज मोकळा झाला.

त्या नटीचे यात काय झाले? तिची इतर सर्व रूपे झाकली गेली. आधी 'तेंडुलकरांची मुलगी' ही ओळख होती, नंतर 'रजनी' ही झाली. दोन्ही ओळखी मानाच्याच. पण दोहोंमध्येही तिचे स्वतःचे नाव मागे पडले. प्रियाताई मराठीतील लेखिका होत्या, हे आज या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'जावे तिच्या वंशा', 'पंचतारांकित', 'असंही' ही त्यांची पुस्तके आहेत. हौशी नटीने फावल्या वेळी लिहावे आणि नावावर खपावे, असे ते लेखन नाही. मालिकेतील रजनीला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सापडत असे. कथालेखिका प्रिया तेंडुलकर यांनी मात्र आपल्या एका पुस्तकाचे नावच 'ज्याचा त्याचा प्रश्न' असे ठेविले. पडद्यावरच्या उत्तरांनी ज्यांचे समाधान झाले त्यांनी हे प्रश्नही वाचावयास हवे होते. आपण ते पुरेसे वाचले नाहीत.

त्या स्वतः मात्र एका साच्यात अडकून राहिल्या नाहीत. खाजगी वाहिन्यांचा काळ आला तेव्हा त्या चर्चेच्या कार्यक्रमांकडे वळल्या. 'द प्रिया तेंडुलकर शो' हा त्यांच्या नावाने चाललेला कार्यक्रम पुष्कळांना आठवत असेल. तेथे लिहून दिलेले संवाद नव्हते. समोर खरी माणसे होती, त्यांची खरी भांडणे आणि दुःखे होती. दुसऱ्याने लिहिलेला प्रश्न विचारणारी गृहिणी येथे स्वतःचे प्रश्न विचारू लागली.

आणि १९९५ मध्ये झी वाहिनीवर 'हम पाँच' आली. अशोक सराफ यांनी त्यात पाच मुलींच्या हैराण पित्याची भूमिका केली. प्रियाताईंकडे आलेली भूमिका ऐकून एखादी अभिनेत्री रागावली असती. पहिली पत्नी, आणि तीही दिवंगत! भिंतीवर टांगलेल्या तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, त्याला टोमणे मारते आणि घर कसे चालले आहे ते पाहते. ना हालचाल, ना प्रवेश-निर्गम. चौकटीत दिसणारा चेहरा आणि आवाज एवढीच सामग्री. एवढ्यावर त्यांनी घरोघरी हशा पिकविला. देशाला चिडावयास शिकविणाऱ्या स्त्रीने दहा वर्षांनी त्याच देशाला स्वतःच्या संसारावर हसावयास लाविले.

मघाशी मी आपल्याला एक बाहुली ध्यानात ठेवावयास सांगितले होते. 'हयवदन'मधील ती बाहुली आणि 'हम पाँच'मधील ही तसबीर यांत मला एक नाते दिसते. घरात शोभेसाठी ठेवलेली वस्तू, जिने पाहावे पण बोलू नये अशी सर्वांची अपेक्षा असते. ती पाहते आणि बोलते. मधली रजनी तरी दुसरे काय करीत होती? आपल्या समाजाने गृहिणीलाही पुष्कळ काळ अशाच शोभेच्या जागी बसविले होते. प्रियाताईंनी व्यवसाय अनेक केले, भाषा बदलल्या, माध्यमे बदलली; पण घरात बसून घराचे आणि जगाचे सत्य ओळखणारी आणि ते बोलून दाखविणारी स्त्री त्यांच्या कामांत पुन्हा पुन्हा भेटते. वाटा अनेक होत्या, चालणारी एकच होती. ज्याला आपण चंचलपणा म्हणतो तो पुष्कळदा एकाच शोधाचा लांबलेला प्रवास असतो.

हा प्रवास फार लवकर संपला. कर्करोगाशी त्या झगडत होत्या. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वृद्ध पित्याला मुलीचा मृत्यू पाहावा लागला. विजय तेंडुलकर यानंतर २००८ पर्यंत जगले. असो. अशा दुःखाविषयी परक्याने अधिक बोलू नये.

आता समारोप करताना मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना मातापित्यांना. आपल्या मुलीने एक नोकरी सोडून दुसरी धरली, शिकली एक आणि करू लागली भलतेच, तर तिला लगेच धारेवर धरू नका. ती काय टाकून देत आहे हे विचारण्याआधी ती काय बरोबर घेऊन निघाली आहे हे विचारा. 'नोकरी कायम आहे काय' हा रकाना आपल्या छापील अर्जांतून काढून टाकता येईल काय, याचाही विचार व्हावा.

दुसरी सूचना ग्रंथालय असलेल्या प्रत्येक शाखेला. प्रिया तेंडुलकर यांची पुस्तके मिळवून कपाटात ठेवा, आणि ती कपाटातच राहणार नाहीत अशी व्यवस्था करा. अभिनेत्रीची स्मृती तिच्या छायाचित्राला हार घालून राहते; लेखिकेची स्मृती वाचल्यावाचून राहत नाही.

तिसरी सूचना आपणा सर्वांना. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. जुन्या कायद्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते. तिच्यासाठी वकील दिलाच पाहिजे असे नाही. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. नुसती माहिती हवी असेल तर १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. आपल्या महिला शाखेने त्या दिवशी या सभागृहात एक मेज मांडावे, आणि ज्ञातीचा असो वा नसो, जो कोणी पावती घेऊन येईल त्याला अर्ज लिहून द्यावा. अर्ध्या तासात निकाल लागणार नाही. कदाचित पुष्कळ महिने हेलपाटे घालावे लागतील. पण एका अभिनेत्रीवर टाकलेले ओझे आपल्या खांद्यावर घेण्याची ती सुरुवात होईल.

'इथे एखादी रजनी पाहिजे' हे वाक्य पुढील वर्षीच्या संमेलनापर्यंत आपल्यापैकी निदान दहा जणांनी उच्चारू नये आणि त्याऐवजी एक अर्ज लिहावा, एवढीच अपेक्षा बाळगतो.